पडद्यावरील कुस्ती : सरावाची शिस्त

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात गोदावरीच्या काठी सायखेडा हे बाजारपेठेचे गाव वसले आहे. नदीवरील पूल ओलांडला की पलीकडे चांदोरी लागते. पिंपळगाव बसवंत कृषी उत्पन्न बाजार समितीचा उपबाजार येथे असल्याने कांद्याच्या हंगामात वाहनांची रांग लागते. लिलावाची पाळी येईपर्यंत ट्रॅक्टरवर बसून राहणारा तरुण पूर्वी वर्तमानपत्र चाळीत असे किंवा शेजाऱ्याशी गप्पा मारीत असे. आज त्याच्या हाती मोबाइल असतो आणि पुष्कळदा त्यावर एखादा खेळ चालू असतो. हे चित्र केवळ सायखेड्याचे नाही. राज्यातील बहुतेक गावांत ते पाहावयास मिळते.

या चित्राकडे पाहताना पालकांच्या, शिक्षकांच्या आणि गावच्या कारभाऱ्यांच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो. मुले इतका वेळ खेळतात, त्यातून काही निष्पन्न होते की नुसता काळ जातो? या प्रश्नाला सरसकट उत्तर देता येत नाही. मुलगा कोणता खेळ खेळतो, त्यात पैसा लावतो की नाही आणि मुख्य म्हणजे तो कसा खेळतो, यावर ते अवलंबून आहे. व्हिडिओ खेळांचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी लढतीचा खेळ हा प्रकार महाराष्ट्रातील वाचकाला समजण्यास सर्वांत सोपा आहे. कारण त्याची रीत आपल्या तालमीतील कुस्तीच्या फार जवळची आहे.

खेळाचे स्वरूप

लढतीच्या खेळात पडद्यावर दोन लढवय्ये समोरासमोर उभे असतात. प्रत्येकाला एक खेळाडू चालवितो. ठोसा, लाथ, पकड, उडी आणि बचाव हे त्याचे मूळ घटक होत. प्रतिस्पर्ध्याचे बळ दाखविणारी पट्टी जो आधी रिकामी करील त्याने फेरी जिंकली. ठराविक फेऱ्यांपैकी अधिक फेऱ्या जिंकणारा सामना जिंकतो. येथे संघातील सहकाऱ्याची मदत नसते, की पत्ते चांगले येण्याची वाट पाहावी लागत नाही. जय आपला आणि पराजयही आपलाच.

या प्रकाराला निश्चित रूप दिले ते जपानमधील कॅपकॉम या कंपनीच्या ‘स्ट्रीट फायटर’ या मालिकेने. तिचा पहिला खेळ १९८७ साली आणि जगभर गाजलेला दुसरा खेळ १९९१ साली आला. १९९४ साली नामको कंपनीचा ‘टेक्कन’ आणि एसएनके कंपनीचा ‘किंग ऑफ फायटर्स’ हे खेळ सुरू झाले. भारतात १९९० च्या दशकात शहरोशहरी व्हिडिओ पार्लर निघाले. त्यांत ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ हा खेळ विशेष लोकप्रिय होता. त्या पिढीतील अनेकांना ‘मुस्तफा’ हे नावही आठवेल. १९९३ साली आलेल्या त्या खेळाचे मूळ नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ असे होते. मात्र त्यात खेळाडू एकजुटीने यंत्राविरुद्ध लढत. त्यामुळे तो या लेखात अभिप्रेत असलेल्या प्रकारात मोडत नाही. माणसाने माणसाशी लढणे हा लढतीच्या खेळाचा प्राण आहे. पार्लरमध्ये जिंकणारा यंत्रापाशी कायम राही आणि हरणाऱ्याला पुन्हा नाणे टाकावे लागे. खिशात नाणी थोडी असल्याने प्रत्येक चुकीची किंमत तत्काळ कळत असे.

क्रीडा म्हणून स्थान

या खेळांना स्पर्धात्मक क्रीडेचे स्थान मिळाले आहे, ही गोष्ट अद्याप अनेकांना ठाऊक नाही. २०२२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धा एक वर्ष पुढे जाऊन २०२३ साली चीनमधील हांगचौ येथे झाल्या. तेथे ई-क्रीडा प्रकारांना प्रथमच पदकांच्या यादीत स्थान देण्यात आले. त्यांत ‘स्ट्रीट फायटर ५’ हा लढतीचा खेळ होता. भारतातर्फे मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास हे दोघे त्यात उतरले होते. त्यांना पदक मिळाले नाही. सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी मिळविले. त्या वेळी त्यांचे वय ४४ वर्षे होते. हा खेळ केवळ कोवळ्या बोटांच्या चपळाईचा आहे असा जो समज आहे, त्याला यापेक्षा चांगले उत्तर नाही. २०२६ च्या आइची-नागोया आशियाई स्पर्धांसाठीही लढतीच्या खेळांचा समावेश जाहीर करण्यात आला.

देशात डिसेंबर २०२२ मध्ये ई-क्रीडा हा विषय केंद्रीय युवक कल्याण व क्रीडा मंत्रालयाकडे सोपविण्यात आला. पुढे संसदेने ऑनलाइन खेळांच्या प्रोत्साहन व नियमनाचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्यावर आधारलेली ई-क्रीडा आणि पैसा लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ यांच्यात हा कायदा स्पष्ट भेद करतो. हा भेद पुढे पुन्हा पाहावयाचा आहे.

सेकंदाचा साठावा भाग

सराव कसा करावा हे कळण्यासाठी खेळाची अंतर्गत घडण थोडी समजून घेतली पाहिजे. चित्रपटाप्रमाणे हा खेळही एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांचा बनलेला असतो. एका सेकंदात अशा ६० चौकटी पडद्यावरून सरकतात. प्रत्येक डावाचा हिशेब या चौकटींत होतो.

कोणत्याही डावाचे तीन भाग असतात. पहिला उचल घेण्याचा, दुसरा प्रत्यक्ष आघाताचा आणि तिसरा हात-पाय सावरण्याचा. ‘स्ट्रीट फायटर ६’ मधील सर्वांत जलद ठोसे चौथ्या चौकटीत लागतात. ‘टेक्कन’मधील साध्या ठोशाला १० चौकटी लागतात. डोळ्यांनी पाहून बोट हलविण्यास मनुष्याला सुमारे एक पंचमांश ते एक चतुर्थांश सेकंद, म्हणजे १२ ते १५ चौकटी लागतात. त्यामुळे जलद ठोसा पाहून अडविणे कोणालाही शक्य नाही. तो येणार हे आधी ओळखावे लागते. उलट प्रतिस्पर्ध्याने उडी घेतली तर तो चाळीसहून अधिक चौकटी गुंतून पडतो. ती उडी पाहून खालून तडाखा देणे सरावाने साध्य होते. ‘स्ट्रीट फायटर ६’ मधील ‘ड्राइव्ह इम्पॅक्ट’ हा जबर धक्का २६ चौकटींचा आहे. तोही सावध खेळाडूला दिसू शकतो.

यावरून सरावाचे दोन स्वतंत्र विभाग पडतात. काही गोष्टी पाहून करावयाच्या असतात, तर काही ओळखून करावयाच्या असतात. पहिल्यांसाठी शेकडो वेळा केलेली पुनरावृत्ती हवी. दुसऱ्यांसाठी समोरच्या माणसाचा अभ्यास हवा. अनेक तरुण वर्षभर खेळूनही जेथल्या तेथे राहतात, याचे कारण हेच की त्यांनी हे दोन विभाग कधी वेगळे केलेले नसतात.

तिसरा भाग म्हणजे सावरण्याचा काळ. नवशिक्या खेळाडूचे याकडे हटकून दुर्लक्ष होते. मोठा डाव टाकला आणि तो अडविला गेला की टाकणारा काही चौकटी उघडा पडतो. त्या अवधीत त्याला हमखास शिक्षा करता येते. कुस्तीत फसलेला डाव अंगावर उलटतो, तोच हा प्रकार होय. म्हणून कोणता डाव अडविल्यावर कोणते उत्तर द्यावयाचे, याचा तक्ता पाठ असणे हे लाभाचे असते.

तालमीची रीत

तालमीत आलेल्या नव्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी मोठ्या पैलवानाच्या अंगावर सोडीत नाही. जोर-बैठका, मग उभे कसे राहावे, मग एक डाव, मग त्या डावाची तोड, असा क्रम असतो. पडद्यावरील लढतीलाही हाच क्रम लागू पडतो.

प्रथम एकच पात्र निवडावे. ‘स्ट्रीट फायटर ६’ हा खेळ जून २०२३ मध्ये आला तेव्हा त्यात १८ लढवय्ये होते, तर जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ‘टेक्कन ८’ मध्ये प्रारंभी ३२ होते. प्रत्येकाचे डाव निराळे. आज एक, उद्या दुसरा असे करणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. साध्या चालीचे एक पात्र घेऊन काही महिने त्यालाच धरून राहावे. पात्र कळले की खेळ कळू लागतो आणि मग दुसरे पात्र शिकण्यास निम्माही वेळ लागत नाही.

दुसरी पायरी पायाभूत गोष्टींची. पुढेमागे सरकून योग्य अंतर राखणे, उभ्याने व बसून बचाव करणे, उडी खालून तोडणे आणि पकड सोडविणे, या चार गोष्टी ज्याला येतात तो अवघड डाव न येताही पुष्कळ सामने जिंकतो. आघात पकडीला मारतो, पकड बचावाला मारते आणि बचाव आघाताला निष्फळ करतो. या त्रिकोणावर सारा खेळ उभा आहे. सलग जोडलेल्या आघातांची मालिका, जिला खेळाडू ‘कॉम्बो’ म्हणतात, ती दिसावयास आकर्षक असते. नवशिके तिच्याच मागे लागतात. परंतु पहिला आघात लागल्याशिवाय मालिका सुरू होत नाही आणि तो लागण्यासाठी अंतराची जाण लागते. प्रारंभी एक छोटी, खात्रीची मालिका पुरेशी आहे. ती डावीकडून आणि उजवीकडून दहापैकी नऊ वेळा साधली, तरच पुढची हाती घ्यावी.

तिसरी पायरी डाव आणि तोड यांची. बहुतेक आधुनिक खेळांत ‘ट्रेनिंग मोड’ म्हणजे सरावाचा आखाडा असतो. त्यात समोरच्या बाहुल्याला विशिष्ट डाव शिकवून तो पुन्हा पुन्हा टाकावयास लावता येतो. काल ज्या डावाने आपण हरलो, तोच बाहुल्याकडून टाकवून घ्यावा आणि त्यावरील उत्तर शोधावे. उत्तर सापडल्यावर बाहुल्याला दोन निरनिराळे डाव शिकवून ते आलटून पालटून टाकण्याची व्यवस्था करावी. कोणता येणार हे ठाऊक नसताना योग्य उत्तर देता आले म्हणजे ते खरोखर आत्मसात झाले असे समजावे. ‘स्ट्रीट फायटर ६’ च्या आखाड्यात चौकटी मोजणारी पट्टीही पडद्यावर दिसते. तिच्यामुळे कोण किती काळ उघडा होता, हे अंदाजाने न ठरविता मोजून ठरविता येते.

पुनरावृत्तीचे फळ काय असते, याचे एक उदाहरण या क्षेत्रात सर्वांना तोंडपाठ आहे. २००४ साली अमेरिकेतील ‘इव्हो’ स्पर्धेत जपानचे दाइगो उमेहारा आणि अमेरिकेचे जस्टिन वाँग यांची लढत झाली. उमेहारा यांची बळाची पट्टी जवळजवळ संपली होती. साधा बचाव करूनही ते हरले असते. वाँग यांनी १५ आघातांचा मोठा डाव टाकला. उमेहारा यांनी त्यातील प्रत्येक आघात अचूक क्षणी परतविला आणि तेथूनच फेरी जिंकली. प्रेक्षकांना तो चमत्कार वाटला. वस्तुतः इतक्या वेळा अचूक हालचाल करणे आधीच्या तयारीवाचून शक्य नव्हते. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्या स्पर्धेचा अंतिम सामना उमेहारा हरले. एका अपूर्व क्षणाने स्पर्धा जिंकता येत नाही, हाही त्या प्रसंगाचा धडा आहे.

जोडीदाराचे महत्त्व

एकट्याने केलेला सराव जोर-बैठकांसारखा होय. त्याने अंग तयार होते. कुस्ती येते ती जोडीदाराशी खेळून. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात बालेवाडी येथे झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या अंतिम फेरीत नाशिकचे हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचे शैलेश शेळके समोरासमोर आले. दोघेही काका पवार यांच्या एकाच तालमीतील मल्ल. सदगीर विजयी झाले आणि त्यांनी शेळके यांना खांद्यावर उचलून घेतले. रोज एकमेकांशी झुंजूनच दोघे अंतिम फेरीपर्यंत पोहोचले होते. चांगला जोडीदार हा प्रतिस्पर्धी असतोच, पण त्याहून अधिक तो शिक्षक असतो.

पडद्यावरील लढतीतही हेच दिसून येते. २०१९ साली पाकिस्तानातील लाहोरचे अर्सलान ॲश यांनी ‘टेक्कन ७’ या खेळात जपानमधील आणि अमेरिकेतील दोन्ही ‘इव्हो’ स्पर्धा जिंकल्या. तोवर या खेळात कोरिया व जपान यांचे वर्चस्व मानले जात असे. अर्सलान हे आपल्या गावच्या खेळाडूंशी सतत खेळून तयार झाले होते. साधने मोजकी असली तरी परस्परांना घडविणारी मंडळी असतील, तर जगाच्या तोडीचा खेळाडू निर्माण होऊ शकतो.

जोडीदाराबरोबर खेळताना संख्या ठरवून घ्यावी. दहा विजय आधी मिळविणारा जिंकला, अशी दीर्घ लढत विशेष उपयुक्त ठरते. एखादा सामना दैवयोगाने जिंकता येतो. दहा जिंकण्यासाठी समोरच्याच्या सवयी ओळखाव्या लागतात. तो पडून उठताना काय करतो, घाबरला की उडी मारतो की बसून राहतो, हे टिपता येते. लढत संपल्यावर दोघांनी पाच मिनिटे बोलावे. ‘तुझा कोणता डाव मला सुटला नाही आणि माझा कोणता तुला सहज दिसत होता,’ एवढे विचारले तरी पुढील आठवड्याच्या सरावाचा विषय मिळतो.

पराभवाची वही

या खेळांत झालेला सामना पुन्हा पाहण्याची सोय असते. ‘टेक्कन ८’ मध्ये तर जुना सामना पाहताना मध्येच थांबवून तोच प्रसंग स्वतः पुन्हा खेळता येतो. तरीही बहुतेक खेळाडू हरलेला सामना पाहण्याचे टाळतात आणि रागाच्या भरात लगेच दुसरा सुरू करतात. येथेच वेळ वाया जाऊ लागतो.

यावर उपाय साधा आहे. एक वही ठेवावी. प्रत्येक बैठकीनंतर हरलेला एक सामना पाहावा आणि तीन ओळी लिहाव्यात. सर्वाधिक मार कोणत्या डावाने बसला? त्या वेळी आपण काय केले? काय करावयास हवे होते? आठवडाभरात त्याच त्या दोन चुका पुन्हा पुन्हा लिहिल्या जात असल्याचे आढळून येईल. पुढील आठवड्याचा सराव त्या दोन चुकांचा. ‘तो नशिबाने जिंकला’, ‘त्याचे पात्रच बलवान’ असली वाक्ये वहीत येऊ देऊ नयेत; त्यांतून सरावाचा विषय निघत नाही. लागोपाठ तीन सामने हरल्यास उठावे, पाणी प्यावे आणि थोडे चालून यावे. चिडलेल्या मनाने केलेला सराव चुकीच्याच सवयी पक्क्या करतो.

विद्यार्थ्याला खेळासाठी दिवसाकाठी एक तास मिळत असेल, तर त्याची वाटणी पुढीलप्रमाणे करता येईल. पहिली दहा मिनिटे हात मोकळे करण्यासाठी मूळ डावांची उजळणी. पुढील पंधरा मिनिटे वहीत नोंदविलेल्या एकाच चुकीवर आखाड्यातील सराव. नंतर पंचवीस मिनिटे जोडीदाराशी लढत. अखेरची दहा मिनिटे एक सामना पाहणे आणि टिपण करणे. अशा रीतीने घालविलेला एक तास दिशाहीन खेळाच्या पाच तासांपेक्षा अधिक फलदायी ठरतो. वेळ ठरलेला असल्याने अभ्यास, शेतीकाम आणि झोप यांनाही बाध येत नाही.

साधने आणि जोडणी

स्पर्धेत खेळले जाणारे लढतीचे खेळ प्रामुख्याने संगणकावर वा दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या यंत्रावर चालतात. त्यांच्या नव्या आवृत्त्यांना समर्थ संगणक लागतो, परंतु जुन्या आवृत्त्या साध्या संगणकावरही चालतात आणि मूळ तत्त्वे त्यांतही तीच आहेत. महागडी खास काठी असल्याशिवाय खेळ सुधारत नाही, हाही गैरसमज आहे. साधा गेमपॅड किंवा की-बोर्ड पुरतो. मात्र जे घ्यावे ते बदलत राहू नये.

दूर अंतरावरील खेळाडूशी इंटरनेटवरून खेळताना संदेश पोहोचण्यास विलंब लागतो आणि चौकटींचा हिशेब बिघडतो. यासाठी आधुनिक खेळांत ‘रोलबॅक’ ही पद्धत वापरतात. समोरच्याची हालचाल काय असेल याचा यंत्र क्षणभर अंदाज बांधते आणि अंदाज चुकल्यास चित्र मागे नेऊन दुरुस्त करते. तरीही जोडणी अस्थिर असेल तर चित्र उड्या मारते. वायफायपेक्षा तारेने केलेली जोडणी अधिक स्थिर राहते, असा अनुभव आहे. जेथे चांगली जोडणी नाही तेथे एकाच संगणकावर शेजारी बसून खेळावे. शिकण्यासाठी तीच रीत सर्वांत उत्तम होय.

पैसा आणि प्रकृती

आता पूर्वी उल्लेखिलेला भेद. ई-क्रीडा स्पर्धेत नाव नोंदविण्यासाठी शुल्क असू शकते आणि विजेत्याला बक्षीसही मिळू शकते. परंतु निकालावर पैज वा बोली लावणे ही ई-क्रीडा नव्हे. २०२५ च्या कायद्यानुसार पैसा लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ उपलब्ध करून देणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ कोटी रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे. ‘आधी थोडे पैसे भरा, मग दुप्पट मिळतील’ असे सांगणाऱ्या खेळात सराव करण्यासारखे काहीच नाही. कांद्याच्या पट्टीचे पैसे अशा खेळात गेल्यावर घराच्या वाट्याला काय येते, हे सांगावयास नको.

प्रकृतीच्या बाबतीतही दक्षता हवी. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत खेळाच्या विकाराचा समावेश केला असून ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला महत्त्व येणे आणि नुकसान होत असूनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे होत. साधारणपणे बारा महिने ती टिकून असल्यास असे निदान करतात. केवळ आवडीने खेळणारा प्रत्येक मुलगा रोगी नसतो. पण ही लक्षणे दिसू लागल्यास दटावण्यापेक्षा सल्ला घेणे श्रेयस्कर. ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर असा सल्ला विनामूल्य मिळतो. लहान मुलांच्या बाबतीत खेळाच्या वेष्टनावर वा माहितीपत्रकात दिलेला वयोगट पाहूनच अनुमती द्यावी.

गावाच्या हाती काय आहे?

सायखेड्यासारख्या बाजारपेठेच्या गावात वाचनालय, शाळेतील संगणक कक्ष वा व्यायामशाळेची खोली यांपैकी एखादी जागा आठवड्यातून दोन संध्याकाळी उपलब्ध करून देणे अशक्य नाही. एक-दोन संगणक, चार गेमपॅड, खेळाची अधिकृत प्रत आणि भिंतीवर टांगलेला नियमांचा फलक एवढी सामग्री प्रारंभी पुरेशी आहे. गोदाकाठच्या गावांनी एक काळजी अवश्य घ्यावी. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचे पाणी सायखेडा-चांदोरी परिसरात शिरले होते. म्हणून संगणक तळमजल्यावर न ठेवता वरच्या मजल्यावर ठेवणे शहाणपणाचे.

फलकावरील नियम थोडके असावेत. ठरलेल्या वेळेत खेळ संपवावा. पैज लावू नये. हरणाऱ्याची चेष्टा करू नये. सामन्याआधी व नंतर हात मिळवावा. आपल्याहून नव्या खेळाडूला रोज एक गोष्ट शिकवावी. या शेवटच्या नियमाचे मोल अधिक आहे. कारण दुसऱ्याला समजावून सांगताना स्वतःच्या ज्ञानातील फटी उघड्या पडतात. मुलींसाठीही जागा व वेळ राखून ठेवावी. या खेळात वजनगट नसतो, शरीरबळ लागत नाही. त्यामुळे मुलगा व मुलगी एकाच पडद्यासमोर बरोबरीने बसू शकतात. एखाद्या शिक्षकाने लक्ष घातल्यास चौकटींचा हिशेब हा अपूर्णांकांचा धडाही होऊ शकेल. चौकटी चार, सेकंदाच्या चौकटी साठ, तर ठोशाला वेळ किती लागला, हे उदाहरण मुले आपण होऊन सोडवितील.

एक गोष्ट मात्र मुलांना आणि पालकांना आरंभीच स्पष्ट सांगितली पाहिजे. या खेळावर पोट भरणारे फार थोडे असतात. तालमीत जाणारा प्रत्येक जण महाराष्ट्र केसरी होत नाही. म्हणून तालमी ओस टाकाव्यात असे कोणी म्हटले नाही. तालमीतून गावाला मिळाली ती वेळेवर उठणारी, वस्तादाचे ऐकणारी आणि पडल्यावर माती झटकून पुन्हा उभी राहणारी माणसे. पडद्यासमोर बसलेल्या मुलालाही ही सवय लागू शकते. त्यासाठी त्याच्या हातातील यंत्र हिसकावून घेण्यापूर्वी कोणी तरी जाणत्याने त्याच्या शेजारी बसून एवढे विचारावे, ‘आज कोणत्या डावाने हरलास? आणि त्याची तोड सापडली का?’